हर्बल आहे, अपाय काही नाही

टोपीचं मागाहून विचारा हो! सगळ्यांचं आपलं एकच, एवढ्या उकाड्यात लोकरीची टोपी का, टोपी का... सांगतो ना, टोपीपाशीच यायचंय मला, पण त्याच्या अगोदर तुमच्यापैकी कोणीतरी मला एवढं सांगा, की हर्बल म्हणजे काय? नाही, हसू नका, मी मनापासून विचारतोय. तुमच्या मोरीच्या फळीवर साबण असेल, तो हर्बल. दात घासायची पेस्ट, ती हर्बल. फरशी पुसायचं औषध, तेही हर्बल, म्हणजे फरशीच्या तब्येतीचीसुद्धा काळजी! परवा तर मी उंदीर मारायच्या वड्यांच्या पाकिटावर हिरवंगार पान छापलेलं बघितलं. आता मला सांगा, ते पान कोणासाठी? उंदरासाठी? मरता मरता त्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटावं, की चला, हर्बल आहे, अपाय काही नाही...

तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही. तुम्ही इतके जण आहात म्हणून बोलतोय. समोर एकच माणूस आला ना, की माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळा सुटली ती त्यानेच. धडा मोठ्याने वाचायला उभं केलं की मी पुस्तक धरून उभा, ओठ हलतायत, आवाज नाही. मास्तर म्हणायचे, "काय रे, मासा आहेस का?" एक वर्ष मासा, दुसऱ्या वर्षी पुन्हा मासा, मग म्हटलं कशाला सगळ्यांना त्रास, आणि सुटलो. पण पुढे काय? तोंड न उघडता पोट भरेल असं काम जगात आहे का? गवंड्याच्या हाताखाली गेलो, तर तिथे मालाची परात पुढच्याला देताना दर वेळी आरोळी ठोकायची. दुकानात उभा राहिलो, तर गिऱ्हाईक माझ्यापेक्षा जास्त लाजायला लागलं. आई कपाळाला हात लावून म्हणायची, देव याला जीभ द्यायचं विसरला आणि उरलेलं सगळं डोक्यावर ओतून मोकळा झाला.

डोक्यावर म्हणजे केस हो! असे केस होते माझे... 'होते' म्हटलं, लक्षात आलं ना? यायला लागलंय हळूहळू टोपीचं... तर असे दाट, काळे, कपाळावर अशी लाट यायची की न्हावीसुद्धा कात्री लावण्यापूर्वी एकदा हात फिरवून घ्यायचा आणि म्हणायचा, जिवावर येतं रे. मला जगात दाखवण्यासारखं तेवढंच होतं. कोणाकडे घर असतं, कोणाकडे शिक्षण असतं, माझ्याकडे भांग होता.

आता काकांकडे येतो. काका म्हणजे सख्खे नव्हेत, सगळ्यांचेच काका, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रंगाचं दुकान. भिंतींचा रंग, दारांचा रंग, तो रंग. पन्नास वर्षं वडिलोपार्जित धंदा, आणि पलीकडच्या चौकात रंगांचंच मोठं, काचबंद दुकान झालं तसं काकांचं गिऱ्हाईक एकेक करत तिकडे गळलं. काकांच्या हातात राहिलं काय? रिकामे डबे, डबा आवळून गदागदा हलवायचं यंत्र, शेडकार्डांचा गठ्ठा, आणि रंगाऱ्यांशी आयुष्यभर बोलून बोलून झालेली जीभ. माणूस महिनाभर गल्ल्यावर हनुवटी टेकून बसला. आणि एके सकाळी बघतो तर दुकानाच्या पाटीवरचं 'रंग' खरवडून त्या जागी 'वनौषधी केशतेल केंद्र'!

तुम्हाला सांगतो, हा शब्दांचा जिना मी त्या दुकानात जवळून बघितला. आमच्या घरामागच्या भिंतीच्या फटीत एक झुडूप उगवतं. आई वैतागून उपटते तेव्हा त्याचं नाव तण. उपटून टोपलीत टाकलं की पाला. शेजारीण म्हणाली, अहो, हे पोटाला चांगलं, टाकू नका, की लगेच झाडपाला. तेच एखाद्या दाढीवाल्याने फडक्यावर मांडलं की जडीबुटी. बरणीत घालून झाकण लावलं की वनौषधी. आणि झाकण सोनेरी असलं की हर्बल! पान तेच बरं का, भिंतीतलं. त्याने बिचाऱ्याने जागचं हलूनसुद्धा बघितलं नव्हतं, आणि सहाव्या पायरीवर जाऊन बसलं. मी इतकी वर्षं धडपडतोय, मला कोणी 'ए' वरून 'अहो' वर न्यायला तयार नाही.

तर तेल. खायचं साधं तेल, त्यात कोरफडीचा गर, पुदिना, आणि गल्लीत त्या दिवशी जे हिरवं मिळेल ते, सगळं डब्यात घालून यंत्राला लावायचं. खडखड खडखड... गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून जायची. पण पहिला घाणा निघाला तो मातकट. काका म्हणाले, हा रंग चालणार नाही, लोक म्हणतील गंजलं. शेडकार्ड उघडलं. तुम्हाला वाटेल मी थट्टा करतोय, पण माझ्या डोळ्यांदेखत हो, बोट फिरवत फिरवत 'कोवळी पालवी' नको, 'शेवाळ' नको, 'रानवाट' वर बोट थांबलं. आणि दुसऱ्या दिवशी तेल बरोब्बर 'रानवाट' रंगाचं! ती हिरवाई कुठून आली ते मी विचारलं नाही. काकाच आपणहून म्हणाले, "मनात काही आणू नकोस. हर्बल आहे, अपाय काही नाही."

आणि विकण्याची तऱ्हा? माणूस धंदा बदलतो हो, पण जीभ थोडीच बदलते. गिऱ्हाईक विचारायचं, काका, तेल कसं लावायचं? काका म्हणायचे, "पहिला हात पातळ मारा. पूर्ण वाळू द्या. मग दुसरा हात उलट्या दिशेने." एका बाईंना म्हणाले, आधी फटी भरून घ्या. त्या बाई आपलं डोकं चाचपत घरी गेल्या. एका गृहस्थांनी विचारलं, किती दिवस टिकेल, तर काकांनी त्यांना विचारलं, पावसाची बाजू आहे का?

आता मी तिथे कसा पोचलो? तर दुकानाच्या दर्शनी काचेमागे काकांनी दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर पाटी 'आधी', दुसरीवर पाटी 'नंतर'. 'आधी' च्या खुर्चीवर काकांचे मेहुणे. मेहुण्यांचं डोकं असं, की बाहेरच्या माणसाने त्यात बघून भांग पाडावा. आणि 'नंतर' च्या खुर्चीवर मी! काम एवढंच, सकाळी यायचं, केस विंचरायचे, बसायचं, मधून मधून मान हलवायची म्हणजे लाट हलते. बोलायचं अजिबात नाही. काका आईला म्हणाले, याने तोंड उघडलं तरच नुकसान आहे. आईने पदर डोळ्याला लावला. म्हणाली, माझ्या लेकरासाठी देवाने मुद्दाम जागा काढून ठेवली होती. शिवाय भिंतीवर माझा मोठा फोटो, बाटलीवर माझाच फोटो बारीक करून, एका बाजूला हिरवं पान, एका बाजूला मी. गल्लीत मला कोणी नावाने हाक मारेना. मी 'नंतर', मेहुणे 'आधी'. आई भाजी घ्यायला गेली की लोक म्हणायचे, वाट द्या, वाट द्या, 'नंतर' ची आई आली.

तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? बसून खायचं काम. मलाही तसंच वाटत होतं हो. मेहुणे तर दुपारी खुर्चीतच घोरायचे. मी एकदा त्यांना म्हटलं... म्हणजे मेहुण्यांशी मला बोलता यायचं, ते ऐकता ऐकता झोपतात म्हणून, आणि काकांशी, ते ऐकतच नाहीत म्हणून... म्हटलं, मेहुणे, तुम्ही कधी आपलं तेल लावून बघितलंत का? एक डोळा उघडून म्हणाले, "वेडा आहेस? उगवले म्हणजे? माझी नोकरी जाईल." आणि परत घोरायला लागले.

सगळं सुरळीत होतं. पण आमच्या दुकानाच्या कडेने वर जिना जातो, आणि वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पेशंटची नावं लिहून घेणारी एक मुलगी. ती रोज सकाळी माझ्या काचेसमोरून जायची. जाता जाता काचेत बघून केसातली पिन नीट करायची, आणि मी काचेच्या आतल्या बाजूला दगड होऊन बसायचो. तिला वाटायचं आरसा आहे. मला वाटायचं माझ्याकडे बघते. असे कित्येक दिवस आमचे फार छान गेले.

मग एके दिवशी ती थांबली आणि सरळ आत आली. काका बाहेर गेलेले, मेहुणे घोरतायत. माझ्यासमोर उभी राहून म्हणते कशी, "अहो नंतर, एक विचारायचं होतं." मला 'अहो' म्हणाली! सहावी पायरी! माझे ओठ हलले, मासा झाला. तिचं म्हणणं असं, की आमची गिऱ्हाइकं दर एक-दोन दिवसांनी वर त्यांच्याकडे येतात, कोणाच्या कपाळाला पुरळ, कोणाची मान लाल, आणि डॉक्टरीणबाई विचारतात काय लावलं होतं, की पेशंटचं एकच, हर्बल होतं हो, अपाय काही नाही. बाई तिला सांगतात, पुढे लिही. "आता मी काय लिहू? हर्बल म्हणजे नक्की काय, तेवढं विचारून सांगाल का मला?"

सांगाल का मला! तुम्हाला सांगतो, जन्मात मला कोणी काही विचारलं नव्हतं, त्यातून तिने. मी मान अशी हलवली की लाट डोळ्यावर आली. आणि त्या दिवसापासून मी जो दिसेल त्याला विचारत सुटलो, हर्बल म्हणजे काय. चिठ्ठीवर लिहून न्यायचो, तोंडाने जमेना म्हणून, आणि उत्तर मागे उतरवून घ्यायचो.

पहिला गेलो लेबलं छापणाऱ्याकडे, कारण 'हर्बल' हा शब्द आमच्यासाठी त्यानेच छापला. त्याने चिठ्ठी वाचली, मान वर न करता म्हणाला, हर्बल म्हणजे हिरवी शाई आणि एक पान. दोन पानं हवी असली तर वेगळा ठसा आहे. एवढंच? म्हणाला, मग काय जंगल छापू? मग आईला विचारलं. आई म्हणाली, हर्बल म्हणजे आपल्याला माहीत असलेलंच, पण विकत. मेहुण्यांना विचारलं तर म्हणाले, ज्याने गुण आला नाही तर भांडता येत नाही ते हर्बल. मेहुणे झोपेत फार शहाण्यासारखं बोलतात. आणि शेवटी काकांना विचारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, लांब कुठेतरी बघितलं. म्हणाले, "बाळ, हर्बल म्हणजे विश्वास." मी म्हटलं, बरं, पण कशाचा रस? तर म्हणाले, विश्वास असला की कशाचाही.

हे असलं मी तिला काय सांगू हो? दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी आपल्या चारही चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने वाचल्या. हसली. हसताना तिच्या डाव्या गालावर... जाऊ दे. आणि मग जाता जाता, दाराशी वळून, अगदी सहज तिने विचारलं, "आणि तुम्ही हो? तुम्ही लावता ना हे तेल?"

संपलं! आता काय सांगू? मी आयुष्यात ते तेल बोटालासुद्धा लावलं नव्हतं. माझे केस म्हणजे आईचा साबण, नळाचं पाणी आणि आजोबांची पुण्याई. बाटलीवर मी, भिंतीवर मी, खुर्चीवर मी, आणि तेलाशी माझा संबंध काय, तर मी त्याच्या शेजारी बसतो! इतके महिने माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं की मी खोटं बोलतोय, कारण मी बोलतच नव्हतो ना. मला वाटायचं खोटं बोलायला तोंड लागतं. आणि ती बघतेय. 'हो' म्हणालो असतो तर ते खोटं, 'नाही' म्हणालो असतो तर नोकरी जाते, शिवाय ती म्हणणार, म्हणजे ही पुरळवाली माणसं तुमच्या तोंडाकडे बघून बाटली घेऊन गेली? मी मान हलवली. पण अशी काही हलवली की ती 'हो' आहे की 'नाही' ते माझं मलाच कळेना. ती म्हणाली, "उद्या सांगा नीट." आणि खट खट जिना चढून गेली.

दुसरा एखादा शहाणा असता तर 'हो' म्हणून मोकळा झाला असता. पण माझं डोकं... आतलं म्हणतोय मी... ते सरळ रेषेत चालतं. मी विचार केला, आपण 'लावतो' हे खोटं आहे ना? मग लावलं की झालं खरं! आज लावायचं, उद्या ताठ मानेने सांगायचं, हो, लावतो. एवढ्यासाठी का तिच्यासमोर मान खाली घालायची? शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात आईचा आवाज, हर्बल आहे, अपाय काय होणार?

गेलो काकांकडे. म्हटलं, काका, मला लावा. काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, इतक्या दिवसांत घरातला असा पहिलाच माणूस विश्वासाने पुढे आला. मेहुणे एक डोळा उघडून म्हणाले, नको रे, आणि मिटून घेतला. मी तेव्हाच समजायला हवं होतं, मेहुण्यांनी आपणहून डोळा उघडला म्हणजे काहीतरी असणार.

मी आपला डोकं पुढे करून बसलो, की दोन थेंब लावतील. पण काका माझ्याभोवती फिरायला लागले, रिकाम्या घरात रंगारी फिरतो ना, हात मागे बांधून, तसे. केसात बोट घालून नखाने खाजवून बघितलं. आणि म्हणाले, "थेट लावून उपयोग नाही. जुन्यावर नवीन धरत नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाले, "अरे, पन्नास वर्षं हेच सांगतोय लोकांना. आधी खालची जमीन साफ पाहिजे. जमीन साफ नसेल तर वरचा हात कितीही भारी असू दे, पोपडे येणारच."

आता इथे उठून पळायला नको का माणसाने? पण मी काय केलं, तर मान हलवली. मोठ्या माणसांना नाही म्हणायची सवय नाही. काकांनी आत जाऊन एका डब्यात काहीतरी कालवलं. कोरफडीचा गर, कसलीतरी उगाळलेली मुळी, आणि मागच्या कोपऱ्यात पोतं होतं त्यातली पांढरी पूड. मी म्हटलं, काका, ते तर पोत्यातलं... भिंतीला लावायचा चुना आहे ना तो? काका जरा दुखावले. म्हणाले, नुसता असतो तेव्हा चुना. कोरफडीत कालवला की हर्बल.

आणि ब्रशने हो! चार बोटं रुंदीच्या ब्रशने, वरून खाली, मग आडवा. माझी शाळा अर्धवट सुटली त्यामुळे वाक्प्रचारांचं माझं कच्चं राहिलं होतं. 'चुना लावणे', वाक्यात उपयोग करा... तो उपयोग असा भर दुपारी, काचेमागे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत झाला. चरचरायला लागलं. मी म्हटलं, काका, चरचरतंय. म्हणाले, म्हणजे धरतंय. मी म्हटलं, काका, फार चरचरतंय. म्हणाले, म्हणजे फार चांगलं धरतंय. मेहुणे उठून खुर्चीसकट लांब सरकले.

अर्ध्या तासाने नळाखाली डोकं धरलं आणि... सांगू? पाणी जाईना. मोरीचं तोंड तुंबलं. मी खाली बघतो तर माझी सगळी लाट तिथे, मोरीत, मांजराच्या पिल्लासारखी गोळा होऊन बसलेली. काकांनी वाकून बघितलं. मला वाटलं आता हा माणूस छाती पिटणार, पाया पडणार. काका माझ्या डोक्यावरून तळवा फिरवून म्हणाले, "बघ, जमीन कशी स्वच्छ झाली!"

घरी गेलो. आईने दार उघडलं आणि म्हणाली, कोण पाहिजे?

हसा, हसा. मी हसलो नाही तेव्हा. डोकं लाल, त्यावर पोपडे, आईने ओला पंचा ठेवला आणि काकांच्या सात पिढ्या मोजल्या. मला त्याचं काही नव्हतं हो. मला आपलं एकच, उद्या तिला काय सांगू? ती विचारणार, तुम्ही लावता ना? आणि मला तर वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, चरचर थांबेना. मग आजोबांची ही टोपी, ही, लोकरीची, घातली आणि जिना चढलो. रोज ती चढायची, तो जिना. बाकावर आमचीच दोन गिऱ्हाइकं बसलेली, एकाचं कपाळ लाल, एकीचे कान. मला बघून जरा सरकून जागा दिली. ओळखलं नाही. बाटलीवर मी होतो आणि बाकावर मी होतो, पण त्या दोघांमधून चुना गेला होता.

नंबर आला. तिने मान खाली घालूनच विचारलं, काय होतंय? मी टोपी काढली. तिने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने ओळखलं, केसांवरून नव्हे, ओठ हलतायत आणि आवाज येत नाहीये त्यावरून ओळखलं. म्हणाली, "अहो नंतर... काय लावलं होतं?"

आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी, जन्मात पहिल्यांदा, समोर खरोखर ऐकणारा एकच माणूस असताना माझा आवाज फुटला. सगळं सांगितलं. इतके दिवस लावत नव्हतो, खुर्चीवर बसायचो ते केस माझे, तेलाचे नव्हेत, तुम्ही विचारलंत म्हणून लाज वाटली, खरं करायला म्हणून लावायला गेलो, मग जमीन, मग चुना, मग मोरी. बाकावरची दोघं उठून उभी राहिली. मी थांबलोच नाही. ती लिहायची थांबली, हात तोंडावर धरला. मला वाटलं रडते. रडत नव्हती. पण हसून झाल्यावर म्हणाली, "माझ्या एका प्रश्नासाठी एवढं? तेव्हा नुसतं 'नाही' म्हणाला असतात तर मला आवडलं असतं." आवडलं असतं! हे मला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर? दोन अक्षरं हो, 'नाही'. एवढी दोन अक्षरं न बोलल्याबद्दल एवढं मोठं शेत कापलं गेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाई हुशार, चष्म्यातून बघतात, काकांवर अशा तोफा डागल्या की मला उलट काकांची दया आली. झाडपाला विकणाऱ्यांना आत टाकलं पाहिजे, म्हणाल्या, लोकांना अक्कल नाही, पान दिसलं की डोकं पुढे करतात. मी मान हलवली. पटलंच होतं मला. मग त्यांनी कपाटातून एक मलम काढलं, स्वतः तयार करून घेतात म्हणे, रोज रात्री लावायचं. मी डबी हातात घेतली. झाकण सोनेरी. फिरवून बघितली, तर मागे हिरवं पान! तेच पान हो, ओळखीचं, देठाशी जरा तुटलेलं, त्या लेबलवाल्याकडचंच. फक्त इथे दोन पानं होती. मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "ते नुसतं छापायचं म्हणून. हर्बल बेस आहे, अपाय काही नाही."

डबी खिशात घातली. खाली आलो तर काकांनी माझी खुर्ची आधीच हलवली होती. म्हणाले, रागावू नकोस, कामावरून काढणार नाही मी, शब्दाचा पक्का आहे. 'आधी' च्या खुर्चीवर मला बसवलं. आणि मेहुण्यांना कुठूनतरी केसांचा टोप आणून 'नंतर' च्या खुर्चीवर. मेहुण्यांना टोपाखाली घाम येतो, झोप लागत नाही, म्हणून माझ्यावर डाफरतात. आणि खप? वाढला! लोक म्हणतात, बघा, त्या टकल्या मेहुण्यांना चक्क उगवले, कालपर्यंत काही नव्हतं! मी शेजारी बसून ऐकतो. खरं सांगायचं तर सगळ्या गल्लीत ते तेल वापरून झालेला एकमेव 'नंतर' म्हणजे मी आहे. पण माझ्या डोक्यावर पाटी 'आधी' ची. पाटीपुढे कोणाचं चालतं?

ती रोज येते हं. मलम लावलंत का विचारते. मी म्हणतो, हो. खरं असतं ते. आता सकाळी काचेसमोर पिन नीट करत नाही, आत येऊन करते. गेल्या आठवड्यात जरा अवघडूनच आली, नखं कुरतडत. म्हणाली, एक मागायचं होतं. डॉक्टरीणबाईंना त्यांच्या मलमासाठी वर भिंतीवर दोन फोटो लावायचेत. मी म्हटलं, माझे? म्हणाली, हो. आत्ताचा एक काढू, पोपड्यांसकट, तो 'आधी' म्हणून. मी म्हटलं, चालेल, सवय आहे मला. आणि 'नंतर' चा? केस येईपर्यंत थांबणार का बाई?

तिने खाली बघितलं. म्हणाली, "नाही हो... बाई म्हणतात, काकांच्या भिंतीवर तुमचा तो जुना आहे ना, केसांचा, तोच मागून आण."

आता सांगा! माणूस मीच, फोटो माझेच, अगोदरचा नंतर आणि नंतरचा अगोदर. तीच दोन अक्षरं माझ्या जिभेवर आली होती हो, 'नाही'. अगदी टाळ्यापासून सुटून दातांपर्यंत आली होती. आणि तेवढ्यात तिने वर बघितलं, तो डावा गाल...

खुर्चीवर चढून मीच फोटो काढून दिला. धूळसुद्धा पुसून दिली. म्हटलं, घेऊन जा. फोटोच आहे, अपाय काही नाही.